कंडक्टर घरी बसतो तेव्हा

रिटायर झालो त्या वर्षी मी घरच्यांना शब्द दिला, की या हिवाळ्यात एकालाही कंटाळा येऊ देणार नाही. कोणी मागितला नव्हता, तरी दिला.

याला कारण माझा मेहुणा. त्याने कुल्लूला घर बांधलं आणि वरच्या दोन खोल्या आमच्यासाठी राखून ठेवल्या. ‘पुढच्या हिवाळ्यापासून इकडेच या,’ म्हणाला. आमच्या लाहौलमधली बरीच घरं तेव्हा खिंड बर्फाने बंद होण्याआधी कुलूप लावून कुल्लूला उतरायला लागली होती. खिंडीखालच्या बोगद्याचं खणणं अजून चालूच होतं. माझी बायको पलमो भावाला एवढंच म्हणाली, “बघू.”

पलमोचं ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार. मी सरकारी बसवर कंडक्टर. खिंड बंद झाली की आमची ड्युटी कुल्लूत लागायची. त्यामुळे नोकरीभर सगळे हिवाळे मी तिथल्या एका खोलीत एकट्याचा भात शिजवत काढले आणि गावातलं घर आठवत राहिलो. खोली ऊबदार ठेवणारा लोखंडी तंदूर पेटलेला, भोवती माझी माणसं, बाहेर कमरेएवढा बर्फ. आता कुठे त्या तंदूरजवळ बसायची पाळी आली, तर घरच उठून कुल्लूला निघालं!

“एक हिवाळा माझ्या हातात द्या,” मी जाहीर केलं. “फेब्रुवारीत, फागलीच्या सणाला सगळ्यांना विचारीन. एकानेही कुल्लू म्हटलं तर कुल्लू.”

“पण आम्ही काही म्हटलंय का?” सून छुकित म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. प्रवाशांच्या तक्रारींकडे लक्ष न देण्याची मला जुनी सवय.

मुलगा चंब्याला मास्तर, तो तिकडेच अडकलेला. म्हणजे माझ्या गाडीत चार प्रवासी: पलमो, छुकित, नात यांगडोल आणि नातू गटुक. हिवाळ्यात आम्ही सगळे एकाच खोलीत राहतो, तंदूरच्या खोलीत, त्यामुळे कोणी मधल्या स्टॉपवर उतरून जाण्याची भीती नव्हती.

पहिल्याच दिवशी मी ट्रंकेतून शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. सकाळी उठताच व्यायाम, मग पाढे, मग गाण्याच्या भेंड्या, जेवणानंतर मेमेंच्या गोष्टी. मेमे म्हणजे आजोबा, अर्थात मी. गोष्टी सगळ्या बसमधल्या. बकरीचं तिकीट, खिंडीत फुटलेला टायर, वऱ्हाडाने विसरलेली नवरी. त्या मी दरवर्षी उन्हाळ्यात सांगत आलो होतो हे मला गटुकने सांगितलं. नवरी सापडायच्या आधीच त्याने ती सापडवून टाकली.

“मेमे, आता सुट्टी कधी?” यांगडोलने विचारलं.

“अगं, सुट्टीच तर चालू आहे!”

“मग सुट्टीलाच सुट्टी कधी?”

शेजारीण डोलकर रोज दुपारी विणकाम घेऊन यायची. मी तिलाही ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ करत भेंड्यांना बसवलं. तिच्यावर ‘ठ’ आला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पलमोने तिची दोन दिवस वाट पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. पुढचा घोळ गायीचा. खाली गोठ्यात आमची चुरू, म्हणजे याकच्या संकराची गाय, असते. छुकित दूध काढायला बसली आणि वर मी दोन शिट्ट्या मारल्या. चुरूने बादली लाथाडली, आणि त्यानंतर शिट्टी वाजली की पान्हाच चोरायला लागली. आठवडाभर आम्ही खारा चहा दुधाविना, नुसत्या लोण्यावर भागवला.

“ती शिट्टी द्या इकडे,” छुकित म्हणाली. सासऱ्याशी ती एरवी असं बोलत नाही. मी मुकाट्याने दिली.

पण एवढ्याने हार मानणारा मी नव्हे. मोठा बर्फ पडला आणि छत मोकळं करायची वेळ आली, तेव्हा मी त्याची स्पर्धा लावली. बायका एका बाजूला, मी आणि पोरं दुसऱ्या. छतावरचा बर्फ घराच्या मागे उतारावर लोटायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ती मागची बाजू आम्हाला लांब पडत होती. अंगणाची बाजू जवळ. मी म्हटलं, वेग महत्त्वाचा. आम्ही सपासप लोटला आणि जिंकलो. टाळ्या मीच वाजवल्या.

पलमोने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. घराचं दार दिसत नव्हतं.

“इतके दिवस बर्फाने कोंडलं होतं,” ती म्हणाली. “आज तुम्ही कोंडलंत.”

आम्ही छतावरच्या शिडीने आत उतरलो. मग मला फावड्यासकट खिडकीतून बाहेर सोडण्यात आलं. दुपारपर्यंत मी दार उकरून काढलं. शेवटच्या फावड्याला कमरेत अशी कळ आली, की घराच्या त्याच दारातून मला उचलून आत आणावं लागलं.

मग मी तंदूरमागे दोन रजयांखाली आडवा. अंमल संपला. आणि मी पडल्या पडल्या पाहू लागलो, तर घरात काय चाललं होतं? काहीच नाही. सगळे मजेत होते. डोलकर परत आली. बायका रंगीत लोकरीचे मोजे विणत गावातल्या प्रत्येकाची उणीदुणी काढत होत्या, पोट धरून हसत होत्या. पोरं हाडाच्या सोंगट्या खेळत होती, भांडत होती, आपली आपण मिटवत होती. कोणी भर दुपारी झोपत होतं. कोणी तासभर नुसतं तंदूरमधल्या जाळाकडे बघत होतं, आणि त्याला ‘पुढे काय?’ असं कोणीही विचारत नव्हतं. मला वाईट वाटलं. थोडंथोडकं नव्हे, फार वाईट वाटलं.

“माझ्यावाचून कंटाळला असाल ना?” मी विचारलं.

“नाही,” गटुक म्हणाला.

“आता दोन दिवसांत उठतोच मी.”

सुया थांबल्या. सोंगट्याही थांबल्या.

“कंबर पूर्ण बरी होऊ द्या मेमे,” छुकित घाईघाईने म्हणाली. “कमरेचं दुखणं वाईट असतं.”

माझा धीर सुटला. “फागलीची वाट कशाला बघायची? आत्ताच सांगा. कुल्लूला कोणाला जायचंय?”

सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. डोलकरनेही मान हलवली, तिला कोणी विचारलं नव्हतं तरी.

“मग पलमो, तू भावाला ‘बघू’ का म्हणालीस? त्या खोल्या कोणासाठी?”

“तुमच्यासाठी,” पलमो म्हणाली. हातातला टाका पुरा करून मगच तिने वर पाहिलं. “लग्न झालं त्या साली, नोकरी लागायच्या आधी, एक हिवाळा होतात इथं. खोलीभर येरझाऱ्या घालून जमीन झिजवलीत. मला वाटलं, हा माणूस आता इथं कोंडला तर वेडा होईल. तिथं बसस्टँड आहे. रोज जाऊन बसाल, ड्रायव्हर लोक भेटतील, चहा होईल.”

“आणि तुम्ही सगळे?”

“आम्ही इथंच. आम्हाला काय धाड भरलीय?”

म्हणजे घर कुठेच निघालं नव्हतं. निघणार होतो तो मी एकटा, पुन्हा त्याच कुल्लूला, पुन्हा एकट्याचा भात शिजवायला, आणि तेही माझ्याच भल्यासाठी.

“मला नाही जायचं,” मी म्हणालो. आवाज चिरकला, पोरांसमोर चिरकला, पण आता लाज कशाची बाळगायची? “सगळे हिवाळे तिकडेच गेले माझे. मला इथं बसायचंय. नुसतं बसायचंय. ते मला येत नाही, पण मी शिकेन.”

मग पलमो उठली आणि तिने मला पाठीशी उशी देऊन बसवलं.

“हात पुढे करा. दोन्ही.”

मी केले. तिने लोकरीची मोठी लड माझ्या दोन्ही हातांवर चढवली आणि टोक शोधून गुंडा करायला लागली. डोलकरचं मघाचं तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं. जरा वेळाने माझ्या नाकाला खाज सुटली. यांगडोलने न सांगता ती खाजवून दिली.

“हलू नका हं मेमे, गुंता होतो,” ती म्हणाली.

मी हललो नाही. खोल्यांचं भावाला काय कळवणार आहेस, हे पलमोला विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण तिने लड सगळी माझ्या हातांवर ठेवली होती, आणि अजून पुष्कळ लोकर उरली होती.