खंडेनवमीनंतरचा रविवार

पिंपळीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना दारात थांबून वाकायचं असतं, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. खरं तर दारावर ‘चपला काढा, वाका’ असा मराठीत लिहिलेला कागद होता. मी तो वाचला, हे शाळेतल्या पोरांसाठी असणार असं ठरवलं आणि चपलांसकट आत गेलो. सात माणसं गुडघे मुडपून एका ओळीत बसली होती. कुणी बोललं नाही, फक्त सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. आमच्याकडे चूक झाली की माणसं ओरडतात आणि ओरडून झालं की चहा येतो. इथली शांतता तसली नव्हती. ती संपायचं नावच घेत नव्हती.

मी अंथुर्ण्याचा, भाजीपाला करणारा. वय त्रेचाळीस, पोट पन्नाशीतल्या माणसाचं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि गावात पळताना दिसलो असतो तर कुणाचं काय झालं म्हणून चार माणसं मागं पळाली असती. म्हणून मी जपानी तलवार शिकायला लागलो. घरी हे कळल्यावर बायको एवढंच म्हणाली की आपलं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं, ते नखांवर भागवतं, तुम्हाला तलवार कशाला पायजे.

शिकवणारे सर पिंपळीचेच. जपानात एका कारखान्यात बरीच वर्षं काढून गावी परतलेले. दर रविवारी सकाळी वर्ग. आम्हा सगळ्यांच्या हातात लाकडी तलवारी. खरी एकच, सरांची. पोलादी, धारेची, रीतसर परवान्याची. ती समोरच्या भिंतीशी एका लाकडी घोडीवर आडवी ठेवलेली असायची आणि बोलताना सगळे नकळत तिच्याकडे बघून आवाज खाली आणायचे. दुसऱ्याच्या तलवारीला न विचारता हात लावायचा नाही. उघड्या पात्याला बोट लावायचं नाही, घामानंसुद्धा गंजतं. सुरुवातीचा नमस्कार झाला की सरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. यातला तिसरा नियम मला सगळ्यात जड गेला, असं मी तेव्हा समजत होतो.

एकदा सरांनी मुठीवर अंगठा ठेवून आम्हाला दाखवलं होतं. "पातं मुठीत नुसतं सरकवलेलं असतंय. धरून ठेवती ती ही बांबूची खुंटी. करंगळीच्या पेराएवढी. रोज बघायची. ही गेली, की वार करताना पातं मुठीतनं सुटणार आन समोर जो आसंल त्याला गाठणार." हे सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता, की बसचं वेळापत्रक सांगत असावेत.

वर्गात सगळ्यात जुन्या होत्या एक ताई. बारामतीत त्यांचं मेडिकलचं दुकान. सहा वर्षं लाकडी तलवार चालवल्यावर सरांनी त्यांना सांगितलं होतं, दसऱ्यानंतरच्या रविवारी खऱ्या तलवारीनं पहिला वार तुम्ही करायचा, भिजवलेल्या चटईच्या गुंडाळीवर. त्या दिवसापासून ताई दुकानात औषधं देतानासुद्धा मनगट फिरवून बघायच्या म्हणे.

त्या आठवड्यात शेड झाडायची पाळी माझी होती, म्हणजे किल्ली माझ्याकडे. खंडेनवमीला सकाळी घरी कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. आणि माझ्या डोक्यात आलं, की गावातला गंजका विळासुद्धा आज पाटावर बसलाय आणि ती बिचारी तलवार तिकडे कुलपात, बिनफुलाची. मला खरंच वाईट वाटलं. पंचवीसेक किलोमीटर मोटारसायकल मारत गेलो, दारात वाकलो (मी नियम पाळणारा माणूस), तलवार म्यानातून काढली आणि पात्यावर ओल्या बोटांनी हळद, कुंकू, अक्षता यथासांग लावल्या. नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. हात जोडले. मग ओली तशीच म्यानात घातली आणि वर झेंडूची फुलं वाहिली. परत येताना मला इतकं प्रसन्न वाटत होतं, की रस्त्यात भेटलेल्या दोघांना उगीच लिफ्ट दिली.

शनिवारी सुकलेली फुलं काढायला गेलो. पातं म्यानातून येताना चिकटल्यासारखा आवाज झाला. प्रत्येक बोटाच्या जागी एकेक तपकिरी डाग. माझी पाची बोटं ओळखू येत होती.

पंपावरून बाटलीभर डिझेल आणलं आणि बोळा घेऊन मी तासभर घासत बसलो. डाग फिके झाले. पण कुंकवाचं पाणी मुठीत ओघळलेलं दिसत होतं, तेव्हा मूठ काढून आतून पुसावी असं ठरवलं. खुंटी एका बाजूनं निमुळती असते आणि त्याच बाजूनं ठोकायची असते, हे मला आता माहीत आहे. मी गाडीच्या डिकीतला हातोडा घेऊन दुसऱ्या बाजूनं ठोकली. ती चिरली.

मोटारसायकलला टोमॅटोच्या मांडवाची बांबूकाठी बांधलेली होती. चाकूनं तिचा तुकडा तासला आणि घातला. जरा सैल वाटला, म्हणून काथ्याचा धागा गुंडाळून परत घातला. अंगठ्यानं दाबून पाहिलं, जागेवर होता. तासताना काठीतून पिठासारखी भुकटी पडली होती. ती भुंगा लागल्याची आहे हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. मला कळलं. मी फुंकर मारून ती उडवली.

रविवारी नमस्कार झाला. सरांनी तलवार उचलली, पातं दोन बोटं म्यानाबाहेर काढलं, अंगठ्यानं खुंटी दाबली. आता कळेल, असं मला वाटलं, आणि कळावं असंही वाटलं. अंगठ्याला खुंटी जागेवरच लागली. खुंटीच्या आत काय आहे ते अंगठ्याला कसं कळणार? त्यांनी दोन्ही हातांनी तलवार ताईंना दिली. ताई वाकल्या. सरांनी पाहिलेली खुंटी पुन्हा तपासणं त्यांना बरं वाटलं नसावं. पातं बाहेर आल्यावर त्यांच्या नाकपुड्या जराशा हलल्या. डिझेल. पण नमस्कार झालेला होता, त्या बोलल्या नाहीत.

भिजलेल्या चटईची गुंडाळी मध्ये उभी. तिच्या पलीकडे, वार नीट दिसावा म्हणून, सर समोर येऊन बसले. मांड्यांवर हात, मान ताठ. ताईंनी अंतर मोजायला तलवार एकदा सावकाश डोक्यावर नेली आणि चटईला टेकवून थांबवली. मुठीतून बारीक टक् असा आवाज आला. ओळीत कुणी हललं नाही. मीही नाही. एवढ्या हळू वाराला टिकली म्हणजे टिकेल, असं मी स्वतःला सांगत होतो. एकच तर वार आहे. संध्याकाळी नवी खुंटी घालू, कुणाला कळणार नाही, माझी ओळीतली जागा राहील.

त्यांनी श्वास घेतला आणि तलवार दुसऱ्यांदा वर गेली, पूर्ण वर.

मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. पाय कधीच मेले होते, त्यामुळे मी ओळीतून पोत्यासारखा पुढं कोसळलो, तोंडावर, चटईच्या बुडाशी. तिथूनच, जमिनीशी बोलल्यासारखा म्हणालो, "ताई, नका. खुंटी मी बदललीय."

तलवार वरच राहिली. मग फार हळू, टोक जमिनीकडे करून, ताईंनी ती खाली आणली आणि सरांपुढं ठेवली. सरांनी खुंटी काढायला नुसता नखाचा धक्का दिला. तिचे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर पडले, आणि थोडी भुकटी. त्यांनी मूठ धरून पातं जरासं कलवलं. ते आपोआप सरकून बाहेर आलं आणि टोक जमिनीतल्या फळीत रुतून उभं राहिलं. मी पाच मिनिटं वाट पाहिली की ते ओरडतील. त्यांनी पातं पुसलं, डागांवर बोट न लावता डाग पाहिले, आणि शेवटचा नमस्कार करायला सांगितलं. वर्ग संपला.

बाहेर चपला घालताना ताई माझ्या शेजारी आल्या. चपलेचा बंद लावताना, वर न बघता, त्यांनी विचारलं.

"पयल्यांदा उचलली तवा का न्हाय बोलला?"

"नमस्कार झालावता ना, ताई. बोलायचं नसतं."

"सरांच्या तलवारीला हात लावायचा नसतो, ह्यो बी नियमच हाय की, दादा."

मी हसायला गेलो. त्या हसल्या नाहीत. स्कूटीला किल्ली लावली आणि गेल्या.

मला काढून टाकलं नाही. सर म्हणाले, येत जावा, पण लाकडी तलवारीला सध्या हात लावू नका. त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी मी जातो, दारात वाकतो, ओळीच्या शेवटी बसतो, आणि शेवटचा नमस्कार करून परत येतो. गावात विचारतात, किती शिकला. मी सांगतो, नमस्कार.

ताईंनी वार केला, पुढच्याच महिन्यात. त्याआधी गुडघ्यांवर बसून त्यांनी खुंटी स्वतः काढली, दारातल्या उजेडात धरून बघितली, परत बसवली. सरांना एका बाजूला बसायला सांगितलं, आणि सर मुकाट्यानं उठून बसले. पहिल्यांदा तलवार वर गेली तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. ताईंनी हात वरच थांबवून माझ्याकडं पाहिलं, आणि मी मान हलवून नाही म्हणेपर्यंत त्या थांबून राहिल्या.

मग चटईचा वरचा भाग तिरपा सरकला आणि पडला.