लाल झाकणाची डबी

मुलुंडच्या त्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जयवंत परबांचे फोटो होते. पंखांवर दव घेऊन बसलेलं फुलपाखरू, गवताच्या पात्याला बिलगलेला, काचेसारख्या पंखांचा चतुर. फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर परबांचा फोटो पडला की अंगठ्यांची नुसती रांग लागायची, आणि ‘काय हा धीर!’ असं कुणीतरी हमखास लिहायचं. वडील गिरणीत, स्वतः तीस वर्षं छापखान्यात. परबांचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांना जरा चढलंच.

खरं सांगायचं तर धीर हा प्रकार परबांच्या सात पिढ्यांत नव्हता. पक्षी थांबत नाहीत म्हणून त्यांनी पक्षी सोडले, झाडांना अंगठे मिळत नाहीत म्हणून झाडं सोडली. मग कुठेतरी वाचलं की थंडीत किडे सुस्तावतात. तेव्हापासून बागेतून परतताना त्यांच्या खिशात लाल झाकणाची डबी येऊ लागली. ती फ्रीजमध्ये कोलंबीच्या शेजारी मुक्काम करायची. बायको अनुपमा दोन दिवस करवादली आणि मग तिने डबीला तिथेच एक कोपरा नेमून दिला. सकाळी घाणेरीच्या झुडपाआड डबी उघडायची, गारठलेला जीव फुलावर ठेवायचा, वरून पाण्याचा एक फवारा मारायचा, की झालं दव. ऊन लागलं की बहुतेक उडून जात. जे उडत नसत त्यांना परब बोटाने हळूच झुडपाखाली सारत आणि तिकडे पुन्हा बघत नसत.

ऑक्टोबरात एका सकाळी उत्तराताईंची किल्ली हातातून निसटून नेमकी त्याच झुडपाखाली गेली. उत्तराताई म्हणजे ग्रुपच्या पुढारी, निवृत्त मुख्याध्यापिका. किल्ली काढायला वाकल्या तर खाली सहा-सात मेलेली फुलपाखरं. त्यांनी जागच्या जागी निकाल लावला, की माळी विषारी औषध मारतो. शिवदास माळी कंत्राटदाराचा माणूस, रोज वाकोल्याहून यायचा. पाण्याचा पाइप हातात घेऊन तो सांगत राहिला की मी फक्त कडुलिंबाचं पाणी मारलंय. पण त्याचं कुणी ऐकून घेईना.

“परब, तुम्ही याचे फोटो काढा,” उत्तराताई म्हणाल्या. “तक्रारीला जोडू.”

बोलायचं होतं ते तेव्हाच. सगळे गोल करून उभे होते, शिवदासही समोर होता. सांगितलं तर उद्यापासून आपण कोण, एवढंच परबांच्या डोक्यात आलं. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी फोटो काढले. एका फुलपाखराचा पंख दुमडला होता. तो नीट दिसावा म्हणून त्यांनी सवयीने बोटाने सरळही केला. नंतर कितीतरी दिवस त्यांना त्या बोटाचीच किळस येत होती.

चार दिवसांनी कंत्राटदाराने शिवदासला काढलं. परबांना हे फाटकापाशी कळलं. ते पाय ओढत बागेमागच्या अवजारांच्या खोलीकडे गेले. शिवदास खुरपी धुऊन पोत्यावर मांडत होता. परबांनी कसंबसं सुरू केलं, की शिवदास, ते फुलपाखरांचं जे झालं ना... तर त्याने मानही वर केली नाही.

“काका, ती लाल डबी मी मे महिन्यापासून बघतोय.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“माझं कोण ऐकणार होतं? आणि तुम्ही होतात ना तिथे. मला वाटलं, तुम्हीच सांगाल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर परबांना बरं वाटलं असतं. जाताना त्याने एवढंच सांगितलं, की नवा माणूस सोमवारी येईल, तोवर फाटकाजवळच्या सोनचाफ्याला बादलीभर पाणी घाला, रोप लहान आहे.

घरी येऊन परबांनी फ्रीज उघडला. डबीत कालचा चतुर होता. कोलंबीच्या वाडग्याशेजारी उघडी डबी, तिच्यात पाय आखडलेला चतुर, असा त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘फुलपाखरं मी मारली. माझे सगळे फोटो असेच काढलेत. शिवदासचा काही दोष नाही. तक्रार मागे घ्या.’

मेसेज वाचलेल्यांच्या यादीत नावं एकेक करत वाढत गेली. अंगठा कुणीच दिला नाही. बऱ्याच वेळाने उत्तराताईंचा मेसेज आला: ‘उद्या दहा वाजता कंत्राटदाराच्या ऑफिसात. तुम्ही बोलायचं. शिवदासच्या समोर.’ अनुपमानेही सगळं वाचलं होतं. तिने फक्त कोलंबी दुसऱ्या कप्प्यात ठेवली.

परब चतुर घेऊन गॅलरीत गेले. तुळशीच्या कुंडीच्या काठावर, उन्हात, त्यांनी तो ठेवला आणि शेजारी स्टूल ओढून बसले. कॅमेरा आतच होता. ऊन भिंतीवरून सरकत खाली उतरलं, चहा गार झाला, तरी ते हलले नाहीत. चतुर काही उडाला नाही.