तिसरी पायरी दिसेपर्यंत

लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पोलिसाच्या नोकरीत लिहिले ते फक्त जबाब नि पंचनामे. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो. पण त्या तळ्याची तक्रार इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही.

डिचोली भागातलं ते छोटं गाव. काजूच्या डोंगरांमध्ये तळं, काठाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, बांधाला पाणी सोडायचं दार, बांधाखाली भातशेती. पोर्तुगीज अमलात तळं गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, ताब्यात होतं. मुक्तीनंतर गाव नगरपालिकेच्या हद्दीत आलं आणि तळं तिच्याकडे गेलं. तिथे होड्या सुरू होणार होत्या. रविवारी पाहुणे यायचे होते. शुक्रवारी सकाळी नगराध्यक्ष ठाण्यात आले.

"तळ्याचं दार कुणीतरी उघडलंय! होड्या काय चिखलात घालू?"

दार सांभाळणारा म्हातारा बांधावरच बसलेला सापडला. मी त्याला ठाण्यात आणलं. चहा दिला, तो प्याला. पाव दिला, खाल्ला. पण शब्द नाही.

हवालदार म्हणाला, "काका, जीभ तळ्यात सोडून इलास काय?"

म्हातारा हसला. 

"गप्प आहे म्हणजे कबूलच," नगराध्यक्ष म्हणाले. मला तसं वाटत होतं की नव्हतं, हे आजही सांगता येत नाही. मी लिहिलं: 'जबाब देण्यास नकार. कृत्य मान्य असल्याचे दिसते.' अहवाल ते सोबतच घेऊन गेले.

दुपारी म्हाताऱ्याची सून आली.

"मारल्यात तरी ते बोलूचे नाय, साहेब. दार उघडणारो तिसरी पायरी दिसापर्यंत बोलणा नाय. सासऱ्यांचो बापूस पण असोच गप रवायचो."

मी गोंधळलो. चोर कधी असा नेम पाळतो का? त्याला जीपमध्ये घालून पंचनाम्याला गेलो. दाराजवळ राखणदाराच्या, म्हणजे तळं राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे ताजा नारळ फोडलेला होता. पाणी हळूहळू उतरत होतं. तिसरी पायरी उघडी पडली तसा म्हातारा उठला.

"आता बघा, साहेब. बांधाचा पोट सुटलाहा."

खरंच, खालच्या अंगाला बांध फुगला होता आणि चिरेतून गढूळ पाणी झिरपत होतं. पाणी सोडलं नसतं तर भातशेती आणि खालची घरं वाहून गेली असती.

मी पुरवणी अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही. माझ्या पहिल्या अहवालावरून म्हाताऱ्याला कामावरून काढलं, दाराला कुलूप लागलं. पुढे माझी पेडण्याला बदली झाली. गप्प माणूस दिसला की मी तेव्हापासून एवढंच विचारायला शिकलो: हा काय लपवतोय, की काय पाळतोय?

गेल्या भाद्रपदात त्याच हवालदाराचा फोन आला. तोही आता निवृत्त. म्हणाला, "साहेब, बांध परत फुगलो. म्हातारो कधीच गेलो. नगरपालिकेनंच कुलूप काढून चावी सुनेच्या हातात दिली. तिनं सकाळी दार उघडलान."

मी लगेच तिच्या घरी फोन लावला. कुणीतरी उचलला. मी नाव सांगितलं, माफी मागितली. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

पायरी अजून दिसली नसावी.