वरचा हिरडा

माझा वरचा ओठ जन्मापासूनच पातळ. तोंड मिटलेलं असलं की कुणाला काही कळायचं नाही. पण हसले की तो सरसर वर जायचा, नाकाखाली गुंडाळला जायचा आणि दातांच्या वर चांगली बोटभर हिरडी उघडी पडायची. लहानपणी शाळेतून रडत घरी आले की आई म्हणायची, "हसतील त्यांचे दात दिसतील. तू कशाला मनाला लावून घेतेस?" पण हसणाऱ्या पोरींचे नुसते दातच दिसायचे, हीच तर माझी तक्रार होती. सातवी-आठवीपासून हसू आलं की माझा उजवा हात आपोआप तोंडावर जायला लागला. पुढे साडी नेसू लागले तेव्हा हाताच्या मदतीला पदर आला.

लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत हसलेली नाही. सगळीकडे ओठ दाबून, हनुवटी आत घेऊन उभी. बघणारे हळूच विचारायचे, मुलगी नाराज होती का? नाराज कशाला असेन! नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडला होता. साखर कारखान्यात कारकून, बोलायला मोकळा, आणि स्वतःच्याच विनोदाला आधी स्वतः हसणारा. पण फोटोवाला निदान 'हं, इकडे बघा' म्हणून सावध करतो. व्हिडिओवाला काहीच सांगत नाही. घास भरवताना यांच्या हातातली जिलबी सुटून थेट माझ्या मांडीवर पडली, आणि मी हसले. एका हातात माझी जिलबी होती, दुसरा हात पाटावर टेकलेला. झाकायला हात मोकळा नव्हता.

ती कॅसेट आम्ही नेवाशाजवळच्या सासरच्या गावी पाहिली. त्यासाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. ओसरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. रिमोट धाकट्या नणंदेकडे होता. जिलबी पडली, मी हसले, आणि नणंद ओरडली, "थांबा, थांबा!" तिने बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा थरथरत होत्या आणि त्या रेघांमागे तोंड उघडं टाकून मी. "अगं बाई, वहिनीचा हिरडा बघा केवढा!"

हिरडी म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने तिचा हिरडा केला. पळीचा पळा व्हावा तसा, मोठा आणि ओबडधोबड. सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडावर घेऊन. यांनी रिमोट घेऊन कॅसेट पुढे सोडली. नणंद वाईट नव्हती, तिने दुसऱ्याच दिवशी माझ्या केसांत स्वतःच्या हाताने गजरा माळला. पण तो गजरा माळून घेताना मी आरशात फक्त ओठाकडे बघत होते.

माझी नोकरी प्राथमिक शिक्षिकेची, आणि नेमणूक होती भंडारदऱ्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीवर. नवरा आठवड्याच्या सुट्टीला एसटीने यायचा. त्या वर्षी दाढ दुखायला लागली म्हणून आम्ही नगरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. दाढ भरून झाली. मग कसं कोण जाणे, मी विचारून बसले, "डॉक्टर, या ओठाचं काही करता येतं का?" यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि मी हा विषय त्यांच्यापुढेही कधी काढला नव्हता.

तिथे पुण्याहून एक सर्जन महिन्यातून एकदा यायचे. पुढच्या वेळी आम्ही त्यांना भेटलो. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: ओठाच्या आतल्या बाजूची एक बारीक पट्टी काढायची, आतूनच टाके घालायचे, म्हणजे हसताना ओठ फार वर चढत नाही. बाहेरून वण नाही. कुणाला कळणारही नाही, फक्त चेहरा बरा वाटेल.

"आणि हसू?" मी विचारलं.

"हसू राहील की. थोडं मापात येईल." मग ते म्हणाले, "काही दिवस ओठ ताठ वाटेल. क्वचित बधिरपणा राहतो. बघू, हसा बरं."

मला हसता येईना. मी ओठ ताणले, तर ते म्हणाले, "हे हसणं नाही, मनापासून हसा." मनापासून हसायला मनाला कारण लागतं, आणि समोर ट्रेमध्ये चिमटे मांडलेले. शेवटी तेच कंटाळले. "असं करा, खळखळून हसतानाचा एखादा फोटो आणा. हात न लावता काढलेला. ओठ किती वर जातो ते पाहिल्याशिवाय मला माप घेता येणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत करून टाकू."

परत जाताना एसटीत मी यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारशील तर नको. पण ओठ तुझा आहे."

"नको म्हणजे छान दिसतं म्हणून नको, की चालून जातं म्हणून नको?"

"तू म्हणजे ना," एवढंच म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला उत्तर हवं होतं आणि उत्तराची भीतीही वाटत होती.

त्यानंतरचे महिने मी काळजीत काढले. वर्ग माझा पहिलीचा. 'प फ ब भ म' शिकवताना पोरं माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मला वाटायचं, उद्या ओठ बधिर झाला तर 'फ' कुठून काढू? लोकांच्या लक्षात आलं तर काय सांगू? आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, तर मग हे केलं कशाला? नको म्हणावं तर पडद्यावरचा तो थरथरणारा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. हो म्हणावं तर चिमटे. त्यात फोटो मिळेना. यांनी कारखान्यातल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि दर सुट्टीला मला हसवायचा उद्योग आरंभला. टाइमकीपरची नक्कल करून दाखवली, विनोद सांगितले, गुदगुल्या केल्या. कॅमेरा समोर आला की माझा ओठ दगड व्हायचा, आणि चुकून हसू आलंच तर हात आधी तोंडावर. रोल संपत आला. "अगं, डॉक्टरांनी फोटो मागितलाय, एक्स-रे नाही," ते वैतागून म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मी राहायचे त्या घराच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणायचे. त्या आणि त्यांच्या थकलेल्या सासूबाई, अशा दोघीच घरात असायच्या. सासूबाईंच्या तोंडात एकही दात शिल्लक नव्हता. दोघी मला जीव लावायच्या. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी केल्या की एक माझ्याकडे यायचीच.

शाळेला सुट्टी लागायला थोडे दिवस उरले होते. तो रविवार होता. हे ओट्यावर कॅमेरा पुसत बसले होते आणि मी मागच्या दाराशी कपडे धूत होते. कुडाच्या पलीकडून दोघींचं बोलणं ऐकू आलं.

"औंदा हिरडा लई हाय बया," सासूबाई म्हणाल्या.

माझा हात थांबला.

"व्हय ना. येवडा हिरडा म्या तर कवा बगितला न्हाई," मावशी म्हणाल्या. "आन् वरचा तर समदा उघडाच हाय."

"मंग झाकाया नगं का? सांग की तिला."

"सांगते. पर तिला सवताला कळाया पायजे."

माझ्या कानशिलात कोणी तरी निखारे ठेवल्यासारखं झालं. म्हणजे इथेही! इतक्या लांब, जिथे ना व्हीसीआर ना नणंद, तिथेही माझ्या पाठीमागे हेच चाललेलं. आणि शब्दसुद्धा तोच. मी स्वभावाने गरीब आहे असं कुणी म्हणणार नाही. तोंड झाकत असले तरी ते चालवायला कधी कमी केलेलं नाही. ओल्या हातानेच कुडाला वळसा घालून मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मावशी, जे बोलायचं ते समोर बोला. माझा वरचा हिरडा उघडा पडतो त्याने तुमचं काय अडलंय? झाकतेच आहे ना मी! जन्मभर झाकतेच आहे!"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग मावशींनी अगदी जपून विचारलं, "बाई, तुमी कवा वाळत घातला हिरडा?"

मावशींनी हात वर केला. घरामागच्या चढावर सपाट कातळ होता. त्या कातळावर हिरवी, लांबट, बोटाच्या पेराएवढी फळं पसरलेली होती, खालच्या खळ्यातही गोणपाटाखाली तीच, आणि डोंगरामागून काळं आभाळ चढून येत होतं. हिरडा! बाळघुटीत उगाळतात तो. आमच्याकडे तो दुकानातल्या पुडीत वाळलेला मिळतो. इथे तो रानातून आणतात आणि उन्हात वाळवून विकतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खालचा झाकून झाला होता. वरचा उघडा होता. आणि 'तिला' म्हणजे शेजारी वेगळं राहणाऱ्या मावशींच्या जावेला. वरचा हिरडा तिचा होता.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"मला वाटलं," मी म्हणाले आणि ओठ वर करून बोट ठेवून दाखवलं. "मला वाटलं, हा."

सासूबाई जवळ आल्या. डोळे बारीक करून त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं. "ह्यो व्हय?" त्या म्हणाल्या. "येवडासाच? मंग माजा बगा की!" आणि त्यांनी आ केला. वर हिरडी, खाली हिरडी, मध्ये दाताचा पत्ता नाही. "खालचा बी उघडा, वरचा बी उघडा. आमी कुनाला हाक मारायची झाकाया?"

मावशी खालीच बसल्या हसता हसता. तेवढ्यात टपोरे दोन थेंब पडले आणि सगळ्या धावल्या. मीही धावले. पाटी सापडेना म्हणून मी पदरच पसरला, त्यात ओंजळीने हिरडा भरू लागले. सासूबाई कातळाखाली उभ्या राहून ओरडत होत्या, "बाईंचा हिरडा आदी झाका गं!" मावशींची जाऊ विचारत होती काय झालं, मावशी सांगायला जात होत्या आणि हसण्यामुळे त्यांना सांगता येत नव्हतं. मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. पदरात हिरडा, दोन्ही हातांत हिरडा. तोंडावर न्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. खालून 'खट्' असा आवाज आला. रोलमधला शेवटचा फोटो होता तो.

रोल यांनी धुवायला दिला. मी फोटो बघितला नाही. हिंमतच झाली नाही. मे महिन्यात ठरलेल्या दिवशी आम्ही नगरला गेलो तेव्हाही पाकीट यांच्या खिशातच होतं. हसले होते ते एका दुपारपुरतं, भीती मात्र माझ्या आधी एसटीत चढून बसली होती. कापायचं म्हणून भीती, कापलं नाही तर पुन्हा तेच म्हणून भीती. आत बोलावलं तेव्हा मी पदर सावरून, ओठ मिटून खुर्चीत बसले.

सर्जनांनी पाकिटातून फोटो काढला. उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. मग टेबलावर माझ्यापुढे ठेवून विचारलं, "यात तुम्ही कोणत्या?"

यांनीही मान पुढे काढली.

मी वाकून पाहिलं. कातळावर तीन बायका होत्या, खाली एक म्हातारी. चौघींचीही तोंडं उघडी, डोळे जवळजवळ मिटलेले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही मी सापडले नाही. मग पदरातल्या हिरड्यावरून ओळख पटली. ओठ पार नाकाला भिडलेला, हिरडी उघडी, अगदी त्या कॅसेटमधल्यासारखीच. फक्त इथे ती कुणी थांबवून दाखवत नव्हतं.

"ही," मी बोट ठेवलं.

"अस्सं! ओळखू नाही आलात हो." त्यांनी पेन उचललं. ते सहज बोलले होते. "बरं, सांगा आता, कुठपर्यंत हिरडी दिसलेली चालेल? तेवढं माप मी ठरवतो."

मी फोटोतल्या त्या बाईकडे बघत राहिले. तिचं माप कुठे घ्यायचं ते मला सांगता येईना. एवढे महिने मला ऑपरेशनची भीती वाटत होती. त्या खुर्चीत वाटली ती वेगळी होती: ही बाई मला आत्ताच तर भेटली, आणि मी हिला पुन्हा कधी बघणार नाही.

"डॉक्टर, फोटो द्या माझा," मी म्हणाले. "माफ करा, तुमचा वेळ घेतला."

माझी लाज तिथे संपली असं मुळीच नाही. आजही अनोळखी लोकांत हसू आलं की हात निम्म्यापर्यंत जातो. तिथे तो माझ्या लक्षात येतो, कधी खाली घेते, कधी नाही. त्या दिवशीसुद्धा एसटी स्टँडवर उभी होते तेव्हा आपण चूक तर केली नाही ना, हे मी मनातल्या मनात घोकत होते.

"मग आता या फोटोचं काय करायचं?" यांनी विचारलं.

"तुमच्या धाकट्या बहिणीला नेऊन द्या," मी म्हणाले. "म्हणावं, आता बटण दाबायची गरज नाही."