म्हशीचं दूध आन माझी गोळी

जुन्नरकडच्या आणे गावच्या पठारावर एक म्हातारी राहत व्हती, तिचं नाव ठकूबाई. तिचा एक म्हातारा बबनराव, एक लेक, एक सून, लग्नाला आलेली नात सोनाली, आन गोठ्यात चंद्री म्हस. म्हातारी म्हंजी मीच. गळ्याचं आपरेशन झालं तवापासून माझ्या नावावर एवढे किस्से जमलेत, की गोवऱ्यांसारखे रचले तर पत्र्याला टेकतील. लोक सांगत्यात आन हसत्यात. मी बी हसते, पदर गळ्याभवती ओढून.

*

पुण्याच्या डॉक्टरनं गळ्यातल्या गाठीसंगं थायरॉइडची आख्खी ग्रंथीच काढली. म्हणला, "आजी, ती ग्रंथी जे काम करायची, ते आता ही गोळी करणार. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. गोळीनंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. पण आमच्या घरात औषध कोरडं घ्यायची रीत न्हाई. कसलं बी आसू, धारेच्या ताज्या दुधासंगं घ्यायचं. म्हातारा सुनंला म्हणला, "गळा कापलाय तिचा. पाण्यानं गोळी उतरंल व्हय?"

पहाटं चंद्रीची धार निघाली की पयला पेला माझ्या हातात. एवढ्या संसारात ह्या माणसानं मला कधी पाण्याचा तांब्या दिला न्हवता. मी कशाला न्हाई म्हणू?

*

काही महिन्यांत मला झोप आवरंना. भावकीतल्या एका दशक्रियेला नदीवर गेलो. महाराजांचं प्रवचन चालू, मी बायांच्या पयल्या रांगंत. डोळा कवा लागला कळलं न्हाई. घोरायला लागले, ते बी ह्या घोगऱ्या गळ्यानं.

महाराज थांबले. म्हणले, "गेलेल्या जिवाला शांती मिळंल तवा मिळंल. ह्या आजींना मिळाली."

सगळा घाट हसला. जिच्या नवऱ्याचा दहावा व्हता, ती बी पदरात तोंड घालून हसली. मी घरी आले ती चार दिवस वट्यावर बसले न्हाई.

*

जुन्नरची शकीलाभाभी दर साली बांगड्या भरायला येती. माझा हात दाबून दाबून तिला घाम फुटला. दोन बांगड्या फुटल्या, तिसरी अंगठ्यापाशी अडकली.

"आजी, गेल्या साली हाच हात होता ना?"

"हाच व्हता."

"लोक म्हातारपणी आकसतात. तुम्ही वाढताय."

बाया लई हसल्या. मी सुजलेला हात पदराखाली घेतला.

*

मग सोनालीला बघायला पयले पावणे आले. वैशाखाचं ऊन, पत्रा तापलेला, आन मी स्वेटर घालून कोपऱ्यात कुडकुडत बसलेली. पोराच्या आईनं मला नाव इचारलं. मी माझंच नाव आठवत बसले. आठवलं तवा आवाज असा आला की ती दचकली. तेवढ्यात पदर घसरला आन गळ्यावरची खूण दिसली.

ती सुनंला हळूच म्हणली, "घराण्यात हाय का हे?"

पावण्यांनी पोह्याला हात लावला न्हाई. पुन्हा फोन बी न्हाई.

सोनाली म्हणली, "बरं झालं आजी. त्याच्या मिशीपरीस चंद्रीची शेपटी बरी." ती हसली. पण माझ्यापायी पोरीचं जमायचं न्हाई, हे माझ्या मनात रुतलं. ठरवलं, पुढचे पावणे आले की आपुन गोठ्यात बसायचं.

*

रक्त तपासलं की डॉक्टर गोळी वाढवायचा. परत तपासलं की परत तेच. शेवटी तो म्हाताऱ्याकडं वळला. "बाबा, गोळी कशी देता ते सांगा."

म्हातारा खुर्चीत ताठ बसला. "एक दिवस चुकवली न्हाई, सायेब. ताज्या दुधाचा पेला भरून देतो. फेसासकट."

डॉक्टरनं पेन खाली ठिवला. "बाबा, दूध ती गोळी अंगाला लागूच देत नाही. तुम्ही आजीचा नाही, म्हशीच्या दुधाचा इलाज करताय."

गोळी कमी करून दिली, नुसत्या पाण्यासंगं घ्या म्हणला, दीड महिन्यानं रक्त दाखवा म्हणला. एसटी आळेफाट्याला आली. उतरताना म्हातारा म्हणला, "घरी सांगू नको."

मी कुणाला सांगितलं न्हाई. त्यानंच चंद्रीला सांगितलं, धार काढताना. सुनंनं ऐकलं.

आता तो पाण्याचा तांब्या घिऊन उभा राहतो. पुढं रक्त बरं निघालं. स्वेटर पेटीत गेला, झोप रातीपुरती उरली. घोगरा आवाज आन गळ्याची खूण तेवढी राहिली. आन लाज.

*

परवा पारगावचे पावणे आले. पोरगा साखर कारखान्यात, दुपारची पाळी, म्हणून मंडळी सकाळीच गाडी काढून आली. त्या धांदलीत माझी गोळी उशिरा झाली. ती गिळून मी गोठ्यात जाऊन बसले.

सोनाली मागं आली. "आजी बाहेर बसंल तरच मी चहाचा ट्रे उचलीन."

बसले. पदर गळ्याभवती घट्ट.

ट्रे पयल्यांदा पोराच्या आजीपुढं गेला. तिनं कप सारला. "नको."

पावण्यानं चहा नाकारला म्हंजी पोरगी नाकारली, हे आमच्याकडं बारकं पोर बी जाणतं. लेकानं मान खाली घातली. पोराचा बाप म्हणला, "आई, घोटभर घे की."

"नको म्हणलं ना." पोराची आजी जमिनीकडं बघत व्हती. एवढ्या उकाड्यात तिनं पदर गळ्यापाशी पिन लावून बांधला व्हता.

मी उठले. लग्न अजून ठरायचं व्हतं, पण तोंडातनं गेलंच. "इहीनबाई, गोळी गाडीत घेतली का?"

तिनं वर बघितलं. माझ्या घट्ट पदराकडं बघितलं. "आळेफाट्याला."

"पाण्यासंगं?"

"मग कशासंगं घेत्यात?"

म्हातारा उठून गोठ्याकडं गेला.

तिचा आन माझा पाऊण तास भरायचा व्हता, म्हणून सगळ्यांचे कप परत आत गेले. मंडळी थांबली, बोलत बसली, पोरगा-पोरगी बी बोलली. चहाच्या आधी घरात साखर वाटली. इहीनबाईंनी पिन काढली. मी पदर सोडला. आन आमी दोघींनी आपापली साखर पदराच्या टोकाला बांधून ठिवली.