कृपया दुरुस्त करून वाचावे

मी नगरच्या त्रैमासिकात काम केलंय हे कळलं, की कुणी लेखांबद्दल विचारत नाही. "बाई, तुमच्या त्या शुद्धिपत्रांचे किस्से सांगा ना!" एवढंच म्हणतात. आम्ही संशोधनाचे ढीगभर लेख छापले, त्यातला एकही कुणाला आठवत नाही. चुका मात्र सगळ्यांच्या पाठ! एक किस्सा सांगावा तर ऐकणाऱ्यांतलाच कुणीतरी दुसरा काढतो, आणि चहा गार होऊन जातो.

गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या तीन-चार वर्षांतली. नगरच्या काही प्राध्यापकांनी मिळून शेती, जनावरं, हवापाणी अशा विषयांवर मराठीतून संशोधन छापणारं एक त्रैमासिक काढलं होतं. संपादक होते निसळ सर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी वनस्पतिशास्त्राची नवी लेक्चरर, म्हणून सहसंपादक. म्हणजे प्रुफं माझ्या गळ्यात! छपाई तोफखाना भागातल्या एका छापखान्यात व्हायची आणि तिथं खिळे जुळवायला होते रहमानभाई. हात एवढा चपळ, की आपण बघत राहावं.

निसळ सरांचा नियम एकच. "चूक झाली तर लपवायची नाही. पुढच्या अंकात, चौकट टाकून, ठळक छापायची."

नियम उत्तमच होता. तो पाळताना आमची वाट लागायची, एवढंच!

*

पहिल्याच वर्षी श्रीगोंद्याकडच्या एका शिक्षकांनी शेळीच्या दुधावर मेहनतीनं लेख लिहिला. छापून आला तेव्हा मथळा होता : "शाळेच्या दुधातील स्निग्धांश".

प्रुफं मीच तपासली होती. कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शिक्षकांचं पत्र आलं, "मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. शाळेच्या दुधाबद्दल परस्पर कसं लिहिलंत, असं विचारतात."

पुढच्या अंकात ताबडतोब शुद्धिपत्र घातलं. मी मजकूर लिहून दिला, "'शाळेच्या' ऐवजी 'शेळीच्या' असे वाचावे." अंक हातात आला आणि मी डोक्याला हात लावला. चौकटीत, ठळक टाइपात छापलं होतं : "'शेळीच्या' ऐवजी 'शेळीच्या' असे वाचावे."

मी तशीच छापखान्यात गेले. रहमानभाई शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हीच तर म्हणालात ना, 'शाळा' चूक आहे म्हणून? मग पुन्हा कशाला छापायची? मी दोन्हीकडे दुरुस्त केली!"

चार दिवसांनी शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ.

"सूचनेप्रमाणे वाचले. आता पुढे काय करावे?"

*

त्यानंतर आम्ही इरेला पेटलो. एक अंक असा काढायचा, की त्यात काना-मात्रा चुकणार नाही! सरांनी, मी आणि रहमानभाईंनी प्रत्येक प्रूफ तीन-तीनदा वाचलं. अंक निघाला. एकही चूक नाही. त्याच्या पुढच्या अंकात शुद्धिपत्राची चौकट पहिल्यांदाच गाळली. सरांनी ऑफिसात सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

आठवड्यात तीन वर्गणीदारांची पत्रं आली. तिघांची तक्रार एकच.

"अंकातील शुद्धिपत्राचे पान गहाळ आहे. कृपया पाठवावे."

*

दोन प्राध्यापकांचा वाद तर वर्षभर चालला. एक वनस्पतिशास्त्रवाले, एक कीटकशास्त्रवाले. पहिल्यांनी ज्वारीच्या एका रोगावर लेख लिहिला. पुढच्या अंकात दुसऱ्यांचा आक्षेप आला, "हा रोग नसून किडीचा उपद्रव आहे. लेखकाने चूक मान्य करावी." त्याच्या पुढच्या अंकात पहिल्यांचा खुलासा. मग खुलाशावर आक्षेप. मग आक्षेपावरच्या खुलाशाला प्रत्युत्तर. भाषा इतकी जहाल, की आम्हाला वाटलं आता हे दोघे कोर्टात भेटणार.

शेवटी सर म्हणाले, "आपणच मध्ये पडू." म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही पहिल्या प्राध्यापकांच्या घरी गेलो. बघतो तर दोघे एकाच बाकावर बसून पोहे खातायत! घरं शेजारी-शेजारी, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. सकाळचा चहा रोज एकत्र.

सरांना राहवलं नाही. "अहो, रोज भेटता, मग हे तोंडी का नाही मिटवत?"

दुसरे प्राध्यापक दचकले. "नको नको! घरात हा विषय काढला तर उगाच वाद होईल."

*

आता जरा घाम फुटला होता तो किस्सा.

बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्याची दैना होती. आमच्या डॉक्टर पटाऱ्यांनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, वाळक्या कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडून तो जनावरांना कसा खाऊ घालावा यावर लेख दिला. लेख वेळेवर छापला. अंक पोस्टात पडले. आठवड्याभरानं पटारे ऑफिसात आले ते शर्टाची बटणं खाली-वर लावूनच.

"गायकवाडबाई, दोनाचे वीस झालेत! शंभर किलो कडब्याला युरिया दोन किलो हवा, वीस छापलाय. पुस्तकात चूक झाली तर पोरगं नापास होतं. इथं गाय मरते!"

ते शून्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. त्यात टेबलावर पाथर्डीकडच्या एका सरपंचांचं पत्र पडलेलं. त्यांनी लेख चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवला होता, आणि येत्या बाजारानंतर गावात सगळेच हा प्रयोग करणार होते. शुद्धिपत्र निघणार तीन महिन्यांनी!

सर उभे राहिले. "तीन महिने थांबता येणार नाही. चला."

उरलेल्या वर्गणीदारांना रहमानभाईंनी त्याच दुपारी कार्डं छापून पोस्टात टाकली. सर, पटारे आणि मी पाथर्डीची एसटी पकडली. गावात उतरलो ते थेट सरपंचांकडे. त्यांनी कोतवालाला बोलावलं. हलगी घेऊन दवंडी द्यायचं काम त्याचंच. सरांनी त्याला मजकूर सांगितला, "गेल्या अंकात अनवधानाने एक मुद्रणदोष राहून गेला असून..."

कोतवाल मान हलवत म्हणाला, "सायेब, ह्ये लोकास्नी कळायचं न्हाई. तुमी निस्तं उभं ऱ्हावा." आणि वेशीत जाऊन त्यानं हलगीवर टिपरी मारली.

"ऐका हो ऐका! नगरच्या मास्तरांनी चूक केली हाय! युरिया ईस किलो न्हाई, दोनच किलो! ईस घातला तर जनावर मरंल, आन् मास्तर जबाबदार हुतील हो!"

सर हळूच म्हणाले, "शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं."

"त्याबिगर लोक ऐकत न्हाईत, सायेब."

आळीआळीतून दवंडी फिरली. आम्ही तिघे खाली मान घालून मागे. एका दारात गाय बांधून एक बाई उभी होती. पटाऱ्यांनी धावत जाऊन विचारलं, "तुम्ही घातला का युरिया?"

बाईंनी आम्हा तिघांना नीट न्याहाळलं.

"ईस किलो? आवो, गाव हुडकलं तरी येवढा युरिया निगायचा न्हाई! कुनाला घालू आमी?"

परतीच्या एसटीत करंजी घाट ओलांडल्यावर सर म्हणाले, "बाई, आपलं शुद्धिपत्र आजवर इतक्या लोकांपर्यंत कधी पोचलं नव्हतं!"

*

पण संपूर्ण लेखच मागे घ्यावा लागला असं आमच्याकडे एकदाच झालं.

सोनईला बनकर गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते. अंगणात पाऊस मोजायचं भांडं पुरलेलं. रोज सकाळी साडेआठाला भांड्यातलं पाणी मापात ओतायचं आणि वहीत आकडा लिहायचा. कित्येक वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्या नोंदींवरून त्यांनी लेख लिहिला. निष्कर्ष असा, की दुष्काळाच्या वर्षीही सोनईत आजूबाजूपेक्षा जरा जास्त पाऊस पडला. का पडला, याचीही त्यांनी दोन पानं कारणं दिली होती.

लेख छापला आणि जवळच्याच गावातल्या, पाटबंधारे खात्याच्या एका ओव्हरसियरचं पत्र आलं. त्याच्याकडेही भांडं होतं. "लेखात दिलेल्या तारखांना आमच्याकडे टिपूस नाही. सोनईवर वेगळा ढग येतो काय?"

आम्ही पत्र गुरुजींना पाठवलं. उत्तर उलट टपाली. "माझी नोंद चुकीची ठरल्यास लेख मागे घेईन. पण आधी येऊन पाहा."

आम्ही गेलो. गुरुजींनी घोंगडी अंथरली, वह्या पुढ्यात ठेवल्या. अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. भांडंही तपासलं. गळत नव्हतं, वर झाडाची फांदी नव्हती. सर पत्रातली एकेक तारीख वाचत होते, गुरुजी वहीतून उत्तर देत होते.

"तेवीस तारीख?"

"पाच मिलिमीटर."

"तिकडे शून्य आहे, गुरुजी."

"त्याला मी काय करू? माझ्या भांड्यात पाच होता!" आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. त्यांना कुणीतरी खोटं म्हणत होतं.

गुरुजींच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्का चहा घेऊन आल्या त्या दाराशीच थांबल्या.

"त्यातला थोडा माझा हाय," त्या म्हणाल्या.

सरांना कळेना. "काय तुमचा?"

"पाऊस."

मग आक्कांनी सगळं सांगितलं. त्या दुष्काळाच्या साली वहीत शून्य लिहिलं, की गुरुजी दिवसभर गप्प बसायचे. जेवणावरून उठायचे. आक्कांना ते बघवेना. रात्री चार थेंब आल्यासारखं वाटलं, की पहाटे अंगणात सडा घालताना त्या अर्धं फुलपात्र पाणी भांड्यात ओतायच्या. "मग दोन घास जास्ती जायचे ह्यांना," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी वही मिटली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"त्या सालापुरतंच. आदी न्हाई, नंतर न्हाई. पोरांच्या गळ्याची आन."

गुरुजींनी भांड्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडतात. पण ते सरांना म्हणाले, "लिहून घ्या. लेख मागे घेतला."

सरांनी कागद काढला. "कारण काय लिहू?"

"लेखकाकडून नोंदींमध्ये दोष राहिला."

"गुरुजी, दोष तुमच्याकडून कुठे..."

"भांडं माझं, वही माझी, अंगण माझं. दोष दुसऱ्याचा कसा?"

पुढचा अंक आल्यावर मी स्वतः सोनईला नेऊन दिला. गुरुजींनी उभ्या उभ्या चौकट वाचली. एक अक्षर चुकलं नव्हतं. मान हलवून त्यांनी अंक आक्कांच्या हातात दिला. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ओळीखालून बोट फिरवत सगळा मजकूर वाचला. मग परत वरपासून वाचला. पान उलटून मागेही बघितलं. आणि फणकाऱ्यानं माझ्याकडे वळल्या.

"म्हंजी सालभर पाऊस मी पाडला, आन् नाव ह्यांचंच?"