रंजीताबाईचं रिठ्याचं पाणी

रंजीताबाईचे हात पाहून मॅनेजर प्रवीणसाहेब एकदा घाबरलाच होता. मोहर्लीच्या रिसॉर्टमधल्या चादरी कंपनीच्या पावडरनं धुऊन धुऊन तिच्या तळहाताची सालटं निघाली होती. दुसरी बाई असती तं काम सोडून घरी बसली असती. ही कुठची बसते! बांधावरचे रिठे वेचून आणले, फोडून बिया काढल्या, रातभर भिजत घातले. सकाळी चुलीवर उकळून फडक्यानं गाळले अन् त्यात धुण्याचा सोडा कालवला. त्या पाण्यातून चादरी अशा निघाल्या का साहेबानं नाकाले लावून पाह्यल्या. पावडर बंद झाली. आमच्या बचत गटाच्या सहा बायांले रिठे फोडायचं काम लागलं, अन् मी, कांता, रंजीताबाईच्या हाताखाली धुण्याले लागली.

जानेवारीतली गोष्ट. सकाळची सफारी करून आलेली एक पाहुणीबाई आंघोळ करून पलंगावर लोळली, अन् घडीभरात किंचाळतच बाहेर आली. मान, पाठ, दंड, सगळं लालबुंद. नखानं ओरबाडून राह्यली होती बिचारी. तिच्या नवऱ्यानं साहेबाले अंगणातच धरलं.

"कसला गावठी साबण वापरता तुम्ही?"

साहेबानं आम्हा दोघींले बोलावलं. "रंजीताबाई, काय टाकलं पाण्यात?"

"रिठा अन् सोडा. रोजचंच."

"मंग तिले काऊन खाजवून राह्यलं? ते काही नाई. आजपासून पावडर. तुमचं पाणी बंद!"

सहा घरी रिठ्याची पोती भरून पडली होती. त्या बायांले काय सांगावं? माहं डोकंच फिरलं. "साहेब, जंगलात काही चावलं असन त्यायले. त्याचं खापर आमच्या पाण्यावर काऊन?"

"कांता, तू गप राय," रंजीताबाई म्हणाली.

ती आत गेली, रिठ्याच्या पाण्यानं भरलेली बादली उचलून आणली अन् कोपरापर्यंत दोन्ही हात त्यात बुडवून अंगणात बसली. "साहेब, घड्याळ पाहा."

पंधरा मिनिटं ती तशीच बसून राह्यली. पाहुणीचा नवरा कमरेवर हात ठेवून उभा. मी मनात नाई नाई ते घोकून राह्यली होती. रंजीताबाईनं हात बाहेर काढले. एक डाग नाई का पुरळ नाई! मी टाळीच वाजवणार होती, तं ती म्हणते, "आता त्या खोलीतली चादर आणा."

कशाले वं बाई, असं माह्या ओठावर आलं होतं. पण तिनं चादर मानेभोवती गुंडाळलीसुद्धा. थोडा वेळ गेला. तिनं ओठ दाबले. मंग तिचा हात मानेकडे गेला अन् ती कराकरा खाजवू लागली.

"पाहा!" साहेब ओरडला. "चादर तुमच्याच पाण्यातली ना?"

संपलं सगळं, असंच मले वाटलं.

रंजीताबाईनं मानेवरची चादर काढली, उन्हात नेली, तिरपी धरली. "इकडे या साहेब. हे पाहा." चादरीवर बारीक तपकिरी लव होती, मांजरीच्या पिल्लाच्या अंगावर असते तेवढी. "हा रिठा नाई. खाजकुहिरी आहे. थंडीत तिच्या शेंगा वाळतात अन् वारा सुटला का ही लव उडते. त्या बाईले शेण फासा, उतरन."

शेणाचं नाव ऐकून पाहुणीच्या नवऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण साहेबाचा राग काही गेला नाई.

"चादरीवर आली कशी?"

"मागच्या कुंपणाले तिचा वेल चढला आहे. चादर तिथी वाळत घातली असन."

"कोणी?"

मी. मीच घातली होती. आदल्या दिवशी अंगणातल्या तारा भरल्या होत्या, कोण एवढं वळसा घालून जाते म्हणून दोन चादरी मागच्या कुंपणावर टाकल्या. तिकडे कपडा टाकू नको, हे रंजीताबाईनं मले शंभर वेळा सांगितलं होतं. पाणी तं वाचलं होतं. आता फक्त ज्यानं चादर टाकली त्याचं काम जाणार होतं. मी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राह्यली.

रंजीताबाईनं माह्याकडे पाह्यलं. पाहतच राह्यली. मंग साहेबाकडे वळली.

"मी घातली."

"उद्यापासून धुण्याले येऊ नका," साहेब म्हणाला. "पाणी तेवढं पाठवत जा."

मी रडत रडत गेटपर्यंत तिच्यामागं पळाली. लाज अशी वाटून राह्यली होती का धरतीत शिरावं. "बाई, तुम्ही काऊन घेतलं अंगावर?"

"तू बोलशील म्हणून थांबली होती मी," ती म्हणाली. "लई वेळ थांबली."

आता धुण्याची जागा माही आहे. दर सोमवारी ती रिठ्याच्या पाण्याचे डबे गेटवर ठेवते. मी आतून पळत येते, पण ती थांबत नाई.